परत आलेल्याची साक्ष
(ज्युबिलीनिमित्त, मृत भाविकांच्या स्मरणाच्या संध्याकाळीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या आनंदांत मरणाचा विषय काढणें कित्येकांना प्रशस्त वाटणार नाहीं. हा विषय मजवर कोणीं लादलेला नाहीं, मींच तो मागून घेतला. त्याचें कारण आरंभींच सांगतों, म्हणजे पुढें मी कोठें दूरदेशीं भटकूं लागलों तरी आपल्याला वाट चुकल्यासारखें होणार नाहीं.

या पुस्तिकेसाठीं आपल्या दिवंगतांची यादी करण्याचें काम ज्या चौघांकडे होतें, त्यांत मी होतों. दफनाच्या जुन्या वह्या चाळून, अक्षर लागेना तेथें भिंग लावून, आम्हीं नांवें उतरून काढलीं. काम संपत आलें असतां शिरूरकडच्या एक वृद्ध बाई नातवाचा हात धरून आल्या. म्हणाल्या, "माझ्या बापाचा धाकटा भाऊ व्हता. लोहगांवला इमानाच्या कामावर लागला. तिथून लढाईवर गेला, त्यो काय परत आला न्हाई. त्याचं नांव घाला." आम्हीं तारीख विचारली, ती त्यांना ठाऊक नव्हती. कागद विचारला, तर आजीच्या पेटींत होता, घर पडलें त्या पावसाळ्यांत तो गेला. तो विमानांत बसून लढला कीं खालीं राहून विमानें दुरुस्त करीत होता, हेंही त्यांना सांगतां येईना. तेव्हां आमच्यापैकीं एका सद्गृहस्थांनीं अगदीं सौम्यपणें विचारलें, "बाई, याला साक्षीदार कोण?" बाई म्हणाल्या, "मी हाय कीं." "तुम्हीं त्यांना पाहिलें होतें?" "न्हाई. माझ्या जन्माआधींच गेला. आजी सांगायची, रोज माळ म्हणतांना त्याचं नांव घ्यायची."

विचारणाऱ्या गृहस्थांना मी दोष देत नाहीं. छापलेली यादी ही एक प्रकारची नोंदच असते, आणि नोंद करणारानें ऐकीव गोष्ट जपूनच लिहिली पाहिजे. परंतु त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. त्या बाईंचा चुलता कोण, तो कोठें गेला, याचा मी आपल्या परीनें शोध करूं लागलों. नुसतें पाळण्यांतलें नांव आणि गांव एवढ्या भांडवलावर असा शोध फारसा पुढें जात नाहीं. मात्र शोधतां शोधतां मी दुसऱ्याच एका तरुणाच्या हकीकतीपाशीं येऊन थांबलों, आणि तीच आज तुम्हांला सांगणार आहें.

लोहगांवचा विमानतळ १९३९ सालीं मुंबईच्या हवाई संरक्षणासाठीं सुरू झाला आणि दुसऱ्या महायुद्धांत वेलिंग्टन, लिबरेटर, मॉस्किटो अशीं बाँबफेकीं विमानें तेथें येऊन राहिलीं. नगर रस्त्यालगतच्या गांवांतील म्हातारीं माणसें त्या घरघरीची आठवण सांगत असत. पुढें स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचीं कॅनबेरा बाँबफेकीं विमानेंही तेथें असत, आणि दोनदां महावीर चक्र मिळविलेले कॅनबेराचे वैमानिक विंग कमांडर पद्मनाभ गौतम १९७२ च्या नोव्हेंबरांत पुण्यालाच विमान कोसळून वारले. तेव्हां बाँबफेक्या विमानांतील माणूस हा आपल्याला अगदींच परका नव्हे. तो आपल्या डोक्यावरून गेलेला आहे.

माझ्या हकीकतींतला तरुण मात्र कॅनडांतला. त्याचें नांव अँड्र्यू मिनार्स्की. आईबाप पोलंडांतून येऊन विनिपेग शहरीं स्थायिक झालेले. तेथेंच १४ ऑक्टोबर १९१६ रोजीं त्याचा जन्म झाला. मुलगा सोळा वर्षांचा असतांना बाप वारला, आणि घराला हातभार लावण्यासाठीं तो कातडें कापण्याच्या कामावर जाऊं लागला. आपल्याकडे असे मुलगे शेंकड्यांनीं आहेत. बाप गेल्यावर दप्तर खुंटीला टांगून लोको शेडांत खलाशी म्हणून लागलेले या सभेंतही बसलेले आहेत. १९४१ सालीं तो कॅनडाच्या हवाई दलांत भरती झाला, आणि १९४४ सालीं इंग्लंडच्या उत्तरेस मिडलटन सेंट जॉर्ज येथील तळावर ४१९ नंबरच्या स्क्वॉड्रनमध्यें लँकेस्टर विमानावर गनर म्हणून काम करूं लागला.

लँकेस्टर विमानाची रचना थोडी सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट ध्यानांत यावयाची नाहीं. त्यांत सात माणसें असत. पांच जण पुढच्या अंगाला. विमानाच्या पाठीवर मध्यभागीं कांचेचा एक फिरता घुमट असे, त्यांत मिनार्स्की मशीनगन घेऊन बसे. आणि अगदीं शेंपटीच्या टोंकाला तसलाच दुसरा, एका माणसापुरता घुमट. त्यांत पॅट ब्रोफी हा त्याचा मित्र. शेंपटीतला गनर सबंध रात्र एकटा, इतरांकडे पाठ करून, थंडींत बसलेला असे. त्याचा घुमट तेलाच्या दाबावर फिरे, आणि तो दाब डाव्या बाजूच्या इंजिनाकडून येई. घुमट सरळ केल्याशिवाय त्याला आंत येतां येत नसे, आणि छत्रीही आंतच ठेवलेली असे. दोघांची मैत्री मोठी. परंतु ब्रोफी हुद्द्यानें वरचा असल्यामुळें निरोप घेतांना मिनार्स्की थट्टेनें टांच जुळवून सलाम ठोकी आणि "गुड नाइट, सर" म्हणे.

१९४४ च्या ६ जूनला मित्रसेना फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या. जर्मनांची कुमक आगगाड्यांनीं तेथें पोंचूं नये म्हणून रात्रीमागून रात्र फ्रान्समधील रेल्वेवर बाँब पडत होते. १२ जूनच्या रात्रीं या विमानाला नेमून दिलेली जागा होती कांब्रे येथील रेल्वे यार्ड.

दौंडकरांनो, येथें क्षणभर थांबूं या. १८७८ सालीं मनमाडचा फांटा सुरू झाल्यापासून आपलें गांव जंक्शन झालें. माझे वडील याच जंक्शनांत फायरमन होते. रात्रपाळीला यार्डांत कोण असतें हें आपल्याला कोणीं सांगावयास नको: सांधेवाले, शंटिंगचे जमादार, कंदील घेतलेला गार्ड, आग टाकणारा फायरमन. आणि यार्डाच्या भिंतीला लागून क्वार्टर्स, त्यांत निजलेलीं लेंकरें. युद्धाच्या त्या वर्षांत फ्रान्समध्यें मित्रराष्ट्रांच्याच बाँबांनीं पन्नास हजारांहून अधिक नागरिक मेले. ते शत्रू नव्हते. ज्यांना सोडवावयाचें होतें तेच ते. मिनार्स्कीची थोरवी गातांना ही गोष्ट झांकून ठेवणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. शिवाय आपल्या भागांतील मिशनांचा पाया ज्यांनीं घातला त्या येशूसंघीय धर्मगुरूंमध्यें जर्मन पुष्कळ होते, आणि पहिल्या महायुद्धांत त्यांतील कित्येकांना केवळ जर्मन म्हणून अटकेंत ठेवून देशाबाहेर पाठविण्यांत आलें. ज्यांनीं आपल्या पणज्यांना स्नानसंस्कार दिला त्यांच्या गांवांवरही पुढें दुसऱ्या महायुद्धांत हींच विमानें गेलीं. म्हणून मी या तरुणानें टाकलेल्या बाँबांचें कौतुक करावयास उभा नाहीं. मला त्याच्या शेवटच्या कांहीं मिनिटांविषयींच बोलावयाचें आहे.

विमान सुटण्यापूर्वीं मंडळी गवतावर बसून वाट पाहत होती. मिनार्स्कीला तेथें चार पानांचें तिपतिया गवत सांपडलें. तिकडे तें शुभ मानतात. त्यानें तें ब्रोफीला देऊन टाकलें. त्याची ती तेरावी फेरी होती, असें सांगतात.

मध्यरात्र उलटल्यावर फ्रान्सच्या आकाशांत एका जर्मन रात्र-शिकारी विमानानें त्यांना गांठलें. डावीकडचीं दोन्ही इंजिनें बंद पडलीं, डाव्या पंखाला आग लागली, आणि विमानाच्या पोटांत, दोन्ही घुमटांच्या मधोमध, सांडलेल्या तेलानें पेट घेतला. वैमानिक आर्ट डी ब्रेन यानें उड्या टाकण्याचा हुकूम दिला. पुढचे लोक एकेक करून बाहेर पडले. मिनार्स्की आपल्या घुमटांतून खालीं उतरला. बाहेर पडण्याचें दार जवळच होतें. तेवढ्यांत त्याची नजर शेंपटीकडे गेली.

ब्रोफी अडकला होता. इंजिनें बंद, म्हणून तेलाचा दाब नाहीं, म्हणून घुमट फिरेना. हातानें फिरविण्याचा दांडा होता, तो त्याच्या हातांतच तुटला. त्या दोघांमध्यें आग होती.

मिनार्स्की दाराकडून मागें वळला. गुडघ्यांवर आणि हातांवर तो त्या जळत्या तेलांतून रांगत शेंपटीपर्यंत गेला. जवळ आगीच्या प्रसंगीं वापरावयाची कुऱ्हाड होती, तिनें त्यानें घुमटावर घाव घातले. घुमट हलेना. मग कुऱ्हाड टाकून नुसत्या हातांनीं ओढूं लागला. एव्हांना त्याचे कपडे आणि छत्री कमरेपासून खालीं पेटलीं होतीं. आंतून ब्रोफीनें हातानें खुणा केल्या, ओरडून सांगितलें, तूं जा. शेवटीं तो गेला. जागा इतकी अरुंद कीं वळतांही येईना. ब्रोफीकडे तोंड करूनच तो पुन्हां आगींतून मागें सरकत दारापर्यंत गेला. तेथें उभा राहिला, सावधान झाला, आणि जळत्या कपड्यांनिशीं त्यानें सलाम केला. ओंठ हलले. आवाजांत कांहीं ऐकूं आलें नाहीं, परंतु ब्रोफीला ते शब्द ठाऊक होते. मग त्यानें उडी टाकली.

खालच्या फ्रेंच खेडुतांनीं पेटलेली छत्री उतरतांना पाहिली. तो त्यांना सांपडला तेव्हां जिवंत होता, परंतु भाजण्यांतून तो वांचला नाहीं. वय सत्तावीस. मेआरिकूर नांवाच्या खेड्यांतील गांवच्या दफनभूमींत त्याला पुरलें आहे.

येथवर ऐकून तुम्हीं मनांत म्हणत असाल कीं हें सर्व इतक्या बारकाईनें सांगितलें कोणीं? ज्यानें केलें तो मेला. ज्याच्यासाठीं केलें तो जळत्या विमानांत कोंडलेला. बाकीचे पांच जण आधींच उडी टाकून गेले होते. ते वांचले खरे, परंतु शेंपटींत काय घडलें हें त्यांतील एकानेंही पाहिलें नव्हतें.

विमान जमिनीवर आलें तें सरळ नाक खुपसून आलें नाहीं, तिरकें सरपटत आलें. एका झाडाला डावा पंख आपटून तुटला, विमानाला गरकन् हिसका बसला आणि त्या हिसक्यानें शेंपटीचा घुमट निखळून ब्रोफी बाहेर फेंकला गेला. विमानांत बाँब होते. त्यांतले दोन फुटले. ब्रोफी झाडाला टेंकून शुद्धीवर आला, आणि त्यानें अंग चांचपून पाहिलें तों धड होतें. फ्रेंच लोकांनीं त्याला लपविलें. सप्टेंबरांत तो इंग्लंडांत परतला. आपला मित्र मेला हें त्याला तेव्हां कळलें. पुढें १९४५ सालीं त्याची व वैमानिक डी ब्रेन याची गांठ पडली, आणि त्याच्या तोंडून ही हकीकत ऐकून डी ब्रेननें ती वरिष्ठांपर्यंत नेली. ११ ऑक्टोबर १९४६ रोजीं मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. आज कॅनडांत त्याच्या नांवाचें एक लँकेस्टर विमान उडतें, आणि मिडलटन सेंट जॉर्जच्या जुन्या तळावर २००५ सालीं त्याचा पुतळा उभा राहिला, सलाम करीत असलेला.

आतां विचार करा. झाड चार हात बाजूला असतें, तर? कृत्य तेंच, धैर्य तेंच, भाजलेले हात तेच. परंतु जगाला काय दिसलें असतें? एक गनर उशिरां उडी टाकल्यामुळें भाजून मेला. वहींत एक ओळ. एखाद्यानें तो गोंधळला असेल असेंही म्हटलें असतें.

ही एकच हकीकत असती तर मी योगायोग म्हणून सोडून दिली असती. दुसरी एक आहे, आणि ती कॅथलिकांनीं तर ठाऊक करून घ्यावी अशी आहे. डेव्हिड लॉर्ड हा आयर्लंडांतील कॉर्क येथें १९१३ सालीं जन्मला. बाप पलटणींत असल्यामुळें त्याचें बालपण हिंदुस्थानांत गेलें. लखनौच्या कॉन्व्हेंट शाळेंत तो शिकला. पुढें धर्मगुरु होण्याच्या इच्छेनें स्पेनमधील व्हायादोलिद येथील इंग्लिश कॉलेजांत राहिला, परंतु ती आपली वाट नव्हे असें वाटून परतला आणि १९३६ सालीं हवाई दलांत शिरला. लाहोरच्या ३१ स्क्वॉड्रनमध्यें आणि नंतर ब्रह्मदेशावर त्यानें रसद पोंचविणारीं विमानें चालविलीं. त्याचें विमान बाँब टाकणारें नव्हे, भाकरी आणि दारूगोळा टाकणारें. १९ सप्टेंबर १९४४ रोजीं हॉलंडमध्यें आर्न्हेम येथें कोंडींत सांपडलेल्या सैन्यासाठीं माल टाकीत असतां त्याच्या इंजिनाला आग लागली. माल टाकला, पण दोन डाग उरले. ते टाकण्यासाठीं तो जळतें विमान फिरवून पुन्हां त्याच जागेवर आला. मग सोबत्यांना उड्या टाकावयास सांगून स्वतः सुकाणूपाशीं बसून राहिला, आणि पंख मोडून पडला. आठांतला एकच वांचला, हॅरी किंग नांवाचा नॅव्हिगेटर. तो जर्मनांच्या कैदेंत गेला आणि १९४५ सालीं सुटून आल्यावर ही गोष्ट लोकांना कळली. आणखी एक गोष्ट उघड झाली ती अशी कीं ज्या मैदानावर माल टाकला तें आधींच शत्रूच्या हातीं गेलेलें होतें. ते दोन डागही त्यांनाच मिळाले.

मिनार्स्कीला मित्र सोडवितां आला नाहीं. लॉर्डची भाकरी भुकेलेल्यांना पोंचली नाहीं. हिशेब मांडला तर दोघांच्याही खात्यावर शून्य. शेवटच्या भोजनाच्या वेळीं प्रभूनें मित्रासाठीं प्राण देण्याविषयीं जें सांगितलें, त्यांत तो मित्र वांचलाच पाहिजे अशी अट मला कोठें आढळत नाहीं.

ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्यें सुमारें सव्वा लाख माणसें विमानांत बसून लढावयास गेलीं. त्यांतलीं ५५,५७३ मेलीं. आपल्याकडचे सुखटणकर नांवाचे एक नॅव्हिगेटरही त्यांत होते. ते वांचले आणि त्यांना डी. एफ. सी. मिळाला. इंग्लंडांत रनीमीड येथें ज्यांची थडगींच नाहींत अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांचीं नांवें दगडावर कोरलीं आहेत. ज्यांच्या शेंपटींतून कोणीही ब्रोफी परत आला नाहीं अशीं तीं माणसें. त्यांतल्या कितीजणांनीं दाराकडून मागें तोंड फिरविलें असेल, हें कोण सांगणार?

ख्रिस्तसभेंत ज्यांना आपण रक्तसाक्षी म्हणतों, त्यांच्यासाठीं असलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदार असाच आहे. म्हणजे मेला तो साक्षीदार. न्यायालयाची रीत याच्या उलट. तेथें वांचलेल्यालाच पिंजऱ्यांत बोलावतात. मृत भाविकांच्या दिवशीं वेदीवर जेव्हां ज्ञात-अज्ञात सर्वांसाठीं मिस्सा होतो, तेव्हां धर्मगुरु कोणाजवळही कागद मागत नाहींत.

माणसें आठवण कोणत्या रीतीनें ठेवतील याचाही नेम नसतो. शिरूरला कर्नल वॉलेस याची कबर आहे. हा परका सेनाधिकारी १८०९ सालीं येथें वारला. आपल्या आसपासच्या हिंदु शेतकऱ्यांनीं त्याला "सत्पुरुष" म्हटलें आणि सुगीचें पहिलें धान्य त्याच्या कबरीपाशीं वाहिलें, अशी गॅझेटियरांत नोंद आहे. त्यांना कोणीं दाखला विचारला नाहीं. आजीनें सांगितलें तें नातवानें धरून ठेवलें, एवढेंच.

त्या वृद्ध बाईंची आजी रोज माळ म्हणतांना एका मुलाचें नांव घेत असे. तो विमानांत बसला कीं विमानाखालीं काम करीत होता, तो आगींत गेला कीं हिवतापानें, तो शूर होता कीं भ्यालेला, हें मला ठाऊक नाहीं, आणि मी तसें कांहीं लिहावें असें म्हणतही नाहीं. कमिटींतील त्या गृहस्थांशीं मीं पुन्हां बोलणें केलें. ते म्हणाले, "जें ठाऊक आहे तेवढेंच लिहा." मला तें पटलें. त्याप्रमाणें यादीच्या शेवटीं एक ओळ आम्हीं घातली आहे: त्याचें नांव, गांव, आणि "युद्धावर गेला, परत आला नाहीं, घरच्यांच्या सांगण्यावरून."

त्या ओळीखालीं अर्धें पान कोरें ठेवलें आहे. शिरूर, दौंड आणि आसपासच्या वस्त्यांतून पलटणींत, रेल्वेच्या लष्करी कामावर किंवा हवाई दलांत गेलेले आणखीही असतील. ज्यांच्या घरीं अशी आठवण असेल त्यांनीं, कागद असो वा नसो, नांव सांगावयास यावें. येत्या रविवारच्या मिस्सानंतर मी वही घेऊन देवळाच्या ओसरीवर बसणार आहें. म्हाताऱ्या माणसांना चालवत नसेल तर निरोप पाठवावा, मी घरीं येईन.